काच खाली गेली, वर येईना! : मोटारीच्या पॉवर विंडोचे निदान आणि दुरुस्ती

व्यापारी कुटुंबात मोटार ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. सकाळी ती पेढीवर जाते, दुपारी बाजार समितीच्या आवारात किंवा बँकेसमोर उभी असते, संध्याकाळी शाळा-शिकवणीच्या मुलांना घेऊन येते आणि सुटीच्या दिवशी आई-वडिलांसह तीर्थयात्रेला निघते. तिच्या मागच्या आसनावर कधी कापडाचे नमुने असतात, कधी हिशेबाच्या वह्या, तर कधी वसुलीची पिशवी. अशा गाडीची एक काच खाली गेली आणि वर येईनाशी झाली, तर ती गाडी म्हणजे भर बाजारात उघडा ठेवलेला गल्लाच. आणि तीच काच बंद अवस्थेत अडली, तर एरवी क्षुल्लक वाटणारा हा बिघाड जिवावरही बेतू शकतो.

हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर २६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. त्या दिवशी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रस्त्यांवर पाणी चढत असताना काही जण आपापल्या मोटारींतच अडकले. दारे उघडेनात, विजेवर चालणाऱ्या काचा खाली जाईनात, आणि त्यांतील काहींचा गाडीतच गुदमरून मृत्यू झाला. त्यानंतर काच फोडण्याची लहान हातोडी अनेकांच्या गाडीत आली. काचेची यंत्रणा ठीक ठेवणे हा म्हणूनच निव्वळ सोयीचा विषय नाही, तो कुटुंबाच्या सुरक्षिततेचा विषय आहे.

सुदैवाने ही यंत्रणा फार गूढ नाही. ती समजून घेतली तर निम्मे निदान घरच्या अंगणात, एकही स्क्रू न उघडता करता येते. दुरुस्ती स्वतः करायची नसली तरी गॅरेजमध्ये नेमके काय सांगावे व काय विचारावे, हे कळते. माल न पाहता भाव ठरवणारा व्यापारी आपल्यात शहाणा मानला जात नाही. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

दाराच्या आत काय असते?

पूर्वीच्या अँबॅसडर किंवा पद्मिनी गाडीत दारावरचे हँडल फिरवले की काच वर-खाली होत असे. हाताचे ते काम यंत्राकडे सोपवण्याचा विचार जुना आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास आपल्या महागड्या गाड्यांत द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या काचा दिल्या. पुढे त्या जागी विजेची छोटी मोटर आली आणि आज आपल्याकडील लहान गाड्यांतही ती सर्रास असते.

दाराच्या आतील भाग मोजकेच आहेत. पहिला भाग म्हणजे १२ व्होल्टवर चालणारी मोटर. तिच्या टोकाला मळसूत्री दाते असलेला दांडा असतो व तो एक मोठे दातेरी चाक फिरवतो. या रचनेमुळे मोटर काचेला हलवू शकते, पण काच आपल्या वजनाने मोटरला उलटी फिरवू शकत नाही. म्हणूनच वीज नसतानाही काच जागच्या जागी थांबते. दुसरा भाग म्हणजे काच उचलणारी यंत्रणा, म्हणजेच रेग्युलेटर. गॅरेजमध्ये तिला ‘काचेची मशीन’ म्हणतात. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात कात्रीसारख्या दोन लोखंडी भुजा असतात; दुसऱ्या, अधिक प्रचलित प्रकारात पोलादी तार एका रिळावर गुंडाळली जाते व रुळावरून सरकणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याला ओढते. काच त्या तुकड्यात बसवलेली असते. तिसरा भाग म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंची रबरी खोबण. काच तिच्यातूनच सरकते.

याखेरीज चालकाच्या दारावरचा मुख्य स्विच, इतर दारांवरचे स्वतंत्र स्विच, फ्यूज, रिले आणि या सर्वांना जोडणाऱ्या वायरी. मोटरला दोनच वायरी असतात. एकीतून वीज आत आली तर काच वर जाते, दुसरीतून आली तर खाली. स्विचचे काम एवढेच, की धन आणि ऋण यांची अदलाबदल करायची.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अनेक साध्या गाड्यांत डाव्या दाराच्या मोटरचे अर्थिंग चालकाच्या मुख्य स्विचमधून जाते. त्यामुळे मुख्य स्विचमध्ये धूळ किंवा गंज बसला, तर डाव्या दाराचा स्विच उत्तम असूनही ती काच हलत नाही. दुखणे डाव्या दारात, पण कारण उजव्या दारात, असा हा प्रकार आहे. हे ठाऊक नसेल तर निरोगी मोटर बदलली जाते आणि काच तशीच राहते.

आधी प्रश्न, मग पाना

कोणताही भाग उघडण्यापूर्वी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. बिघाड एका काचेचा आहे की सर्व काचांचा? दोन्ही स्विचनी काच हलत नाही की एकाच स्विचने? वर जात नाही, खाली जात नाही, की दोन्ही नाही? स्विच दाबल्यावर दारातून आवाज येतो का? बिघाड अचानक झाला की गेले काही महिने काच हळू चालत होती? पावसानंतर झाला का, गाडी धुतल्यावर झाला का, की बॅटरी बदलल्यावर? ही उत्तरे कागदावर लिहावीत. निदानाचा बहुतेक भाग त्या कागदावरच पूर्ण होतो.

प्रयोग करताना इंजिन सुरू ठेवावे, मात्र गाडी मोकळ्या हवेत उभी असावी. इंजिन बंद असताना बॅटरी दुबळी असेल तर निरोगी काचही रेंगाळते व निदान चुकते. इंजिन सुरू केल्यावर चारही काचा नीट चालू लागल्या, तर दोष दारात नसून बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक.

लक्षणांवरून निदान

*एकही काच हलत नाही.* चार मोटरी एकाच दिवशी बिघडत नाहीत. दोष त्या सर्वांच्या सामाईक वाटेवर असतो : फ्यूज, रिले, मुख्य स्विच किंवा त्याचे अर्थिंग. पहिल्यांदा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पॉवर विंडोचा फ्यूज कोणता ते पाहावे. तो बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. जळलेला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवावा. अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे किंवा त्याजागी तार अथवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज पुन्हा लगेच जळला, तर कोठेतरी वायर उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकते आहे, असे समजावे.

*फक्त चालकाचा स्विच चालतो, मागच्या दारांचे स्विच चालत नाहीत.* चालकाच्या दारावर इतर काचांना कुलूप लावणारे बटन असते. ते नकळत दाबले गेले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. एका बटनाच्या स्पर्शाने मिटणाऱ्या तक्रारीसाठी गाडी गॅरेजपर्यंत नेली जाते, हे काही क्वचित घडत नाही.

*काच एकाच दिशेने जाते.* खाली जाते पण वर येत नाही, किंवा उलट. मोटर एका दिशेने फिरते याचा अर्थ ती जिवंत आहे. दोष बहुधा स्विचच्या आतील संपर्कबिंदूंत असतो. चहा, उसाचा रस किंवा पावसाचे थेंब स्विचमध्ये झिरपले की हे घडते. मागच्या दोन दारांचे स्विच एकसारखे असतील, तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. स्विच बदलल्यावर दोष दुसऱ्या दाराकडे गेला, तर निदान एक रुपयाही न खर्चता झाले.

*आवाज येतो, पण काच हलत नाही.* मोटर घुर्र करते, कधी दारात काही तुटल्यासारखा कटकट आवाज होतो, काच तिरकी होते किंवा आत पडते. हे काचेच्या मशीनचे दुखणे आहे. तार तुटलेली असते, रिळावरून सुटलेली असते किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा फुटलेला असतो. अशा वेळी स्विच वारंवार दाबू नये. सुटलेली तार रिळात अडकून मोटरचे दातेही खराब होतात.

*काच हळू चालते, मध्येच थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालते.* रबरी खोबणीत धूळ साचून ती कोरडी पडली की मोटरवर भार वाढतो. मोटर तापते आणि तिच्यातील उष्णतेपासून संरक्षण करणारा घटक वीज तोडतो. गार झाल्यावर ती पुन्हा चालू लागते. मोटर बदलण्यापूर्वी खोबण साफ करून पाहावी. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हा दोष फार आढळतो.

*दार उघडले की काच चालते, बंद केले की थांबते.* दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी असते व तिच्यातून सर्व वायरी दारात जातात. दार हजारो वेळा उघडते व मिटते, तेव्हा तेथील वायरी वाकून आतल्या आत तुटतात. चालकाच्या दारात हा दोष अधिक, कारण तेच दार सर्वांत जास्त उघडले जाते. त्याच दाराचा स्पीकर किंवा आरसाही मधूनमधून बंद पडत असेल, तर संशय जवळजवळ पक्का समजावा.

धान्याच्या किंवा भुसाराच्या गोदामाजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी आणखी एका कारणाचा विचार करावा. उंदीर वायरी कुरतडतात. त्यांचा जीव घेण्याची गरज नाही. गाडीत सांडलेले धान्य, फराण आणि पिशव्या राहू न देणे व गाडी गोदामाच्या भिंतीपासून दूर लावणे एवढ्याने बराच उपद्रव टळतो.

वीज पोहोचते की नाही?

काच मुळीच हलत नसेल आणि आवाजही येत नसेल, तर पुढचा प्रश्न एकच : मोटरपर्यंत वीज जाते का? याची घरगुती परीक्षा सोपी आहे. रात्री इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू स्थितीत फिरवून गाडीतील दिवा लावावा आणि काचेचा स्विच दाबावा. दिवा क्षणभर मंदावला, तर मोटर वीज ओढते आहे, पण फिरू शकत नाही. म्हणजे काच किंवा मशीन अडकली आहे, अथवा मोटर आतून जाम झाली आहे. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही, तर वीज पोहोचतच नाही किंवा मोटरच्या आतील कार्बन झिजले आहेत.

दुसरी परीक्षा थापेची. एकाने स्विच दाबून धरावा व दुसऱ्याने दाराच्या आतील बाजूस, मोटर असते तेथे, मुठीने हलकेच थोपटावे. काच अचानक चालू लागली तर मोटरचे कार्बन संपत आले आहेत. ही दुरुस्ती नव्हे, हा इशारा आहे. आज थाप चालली म्हणून उद्याही चालेल, असा भरवसा नाही.

डोअर पॅड काढल्यावर खरी तपासणी होते. मोटरचा कपलर सोडवून त्याच्या दोन पिनांना टेस्ट लॅम्प लावावा आणि स्विच वर व खाली असा दोन्ही दिशांनी दाबावा. दिवा दोन्ही वेळा तेजाने लागला, तर वीज ठीक आहे व मोटर सदोष आहे. एकाच दिशेने लागला, तर स्विच पाहावा. मुळीच लागला नाही, तर फ्यूज, वायरी व मुख्य स्विच यांचा मागोवा घ्यावा. येथे केवळ मल्टिमीटरवर विसंबू नये. वायरीतील बहुतेक तंतू तुटून एकच शिल्लक असला, तरी मल्टिमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. टेस्ट लॅम्पवर भार असतो, म्हणून अशा ठिकाणी तो मंद लागतो आणि खरे सांगतो. वजन न टाकता काटा बरोबर आहे की नाही, हे कळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

नव्या गाड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ज्या मोटरच्या कपलरला दोनाहून अधिक वायरी आहेत, तिच्यात इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तिला बॅटरीतून थेट वीज देण्याचा प्रयोग करू नये. तशा गाडीत स्विच केवळ संदेश देतो आणि निर्णय संगणक घेतो. तेथे स्कॅनर असलेल्या जाणकाराकडेच जावे.

डोअर पॅड उघडताना

ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे, त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. किल्ली काढून घ्यावी. काही गाड्यांच्या दारांत बाजूच्या एअरबॅगशी निगडित सेन्सर असतो. पुस्तिकेत तसा उल्लेख असेल तर हे काम कंपनीच्या वर्कशॉपवर सोपवावे. हँडलच्या वाटीत व हात टेकवण्याच्या भागाखाली स्क्रू झाकलेले असतात. ते सर्व काढल्याशिवाय पॅड ओढू नये, नाहीतर प्लास्टिकचे क्लिप तुटतात आणि पुढे दार कायमचे खडखडत राहते.

पॅडच्या मागे डिंकासारख्या पट्टीने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो निरुपयोगी समजून अनेक कारागीर फाडून टाकतात. वस्तुतः काचेवरून दाराच्या पोकळीत उतरणारे पावसाचे पाणी गाडीत येऊ न देणे हे त्याचे काम आहे. तो अलगद सोडवावा व पुन्हा काळजीपूर्वक चिकटवावा. पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का होतो, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या फाटक्या पडद्यात असते. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्याची छिद्रे असतात, तीही मोकळी करावीत.

मशीनचे नट सोडवण्यापूर्वी काच वर ओढून रुंद, मजबूत चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी बांधावी. काच जड असते, निसटली तर बोटे चिरडतात. कात्रीसारख्या भुजा असलेल्या मशीनमध्ये जोरदार स्प्रिंग असते. मोटर काढताच ती भुजा झटक्याने उसळू शकते. ती आधी पक्की बांधल्याशिवाय मोटरचे स्क्रू सोडवू नयेत. याची खात्री नसेल, तर हे काम करूच नये. वाचलेल्या मजुरीपेक्षा बोट मोलाचे आहे.

काय बदलावे, काय राखावे?

खोबण कोरडी असेल तर ओल्या फडक्याने माती काढून सिलिकॉनचा फवारा द्यावा. खोबणीत इंजिन ऑइल, खोबरेल किंवा ग्रीस कदापि घालू नये. खनिज तेलाने रबर फुगते, आणि कोणताही तेलकट थर धूळ धरून ठेवतो. आठ दिवस काच सुरेख चालते आणि नंतर पूर्वीपेक्षा जड होते. ग्रीसची जागा मशीनच्या लोखंडी रुळावर आहे, रबरात नाही.

स्विच चिकट झाला असेल तर तो काढून संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने धुतल्यास पुष्कळदा वाचतो. वायर तुटली असेल तर तेवढाच भाग, त्याच जाडीची लवचिक वायर घेऊन, झाळून जोडावा. मात्र जोड वाकणाऱ्या जागेत न ठेवता दाराच्या किंवा खांबाच्या आत घ्यावा. नुसती पीळ मारून पट्टी गुंडाळलेली जोडणी पहिल्याच पावसाळ्यात दगा देते.

मशीनची तार तुटल्यास बहुधा संपूर्ण मशीन बदलणे शहाणपणाचे. अनेक गाड्यांत मोटर आणि मशीन स्वतंत्र मिळतात. मोटर निरोगी असेल तर जुनी मोटर नव्या मशीनला जोडता येते. नवी मशीन बसवताना तिचे नट आधी सैल ठेवावेत, काच एकदा पूर्ण वर नेऊन खोबणीत सरळ बसू द्यावी आणि मगच ते आवळावेत. सुरुवातीलाच आवळले तर काच तिरकी चालते आणि नवी मशीनही लवकर झिजते.

वर जाऊन परत खाली येणारी काच

ही तक्रार अलीकडे वाढली आहे. एका स्पर्शाने आपोआप बंद होणाऱ्या काचेला अडथळा जाणवला, तर ती उलट खाली येते. मुलाचा हात किंवा मान सापडू नये यासाठी ही सोय आहे. अमेरिका व युरोपातील नियमांनुसार अशा काचेचा दाब १०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे १० किलो वजनाच्या भाराच्या, पलीकडे जाण्यापूर्वी ती मागे फिरली पाहिजे. खोबण कोरडी असेल, बाजारातून आणलेला पावसाचा व्हायझर खोबणीत दाटून बसवला असेल किंवा उन्हाची जाळी आत दुमडली असेल, तर यंत्रणा त्या घर्षणालाच अडथळा समजते. बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतरही काचेची वरची मर्यादा यंत्रणेच्या स्मृतीतून जाते. अशा वेळी काच पूर्ण खाली नेऊन, मग पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरण्यासारखी कृती पुस्तिकेत दिलेली असते. गाडीगणिक ती वेगळी असते, म्हणून पुस्तिका वाचूनच करावी. यासाठी मोटर बदलण्याची गरज नसते.

वाटेत काच अडली तर

पावसात काच उघडी अडली, तर एकाने स्विच वरच्या दिशेने धरावा आणि दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांत आतून-बाहेरून दाबून वर ढकलावी. कोरडी खोबण किंवा थकलेली मोटर असेल, तर एवढ्या मदतीने काच बहुधा वर येते. वर आल्यावर त्या दाराचा स्विच पुन्हा वापरू नये व सर्वांना तशी सूचना द्यावी. काच दारात पूर्ण पडली असेल, तर जाड प्लास्टिक बाहेरून चिकटवून पाऊस अडवता येतो, चोरी मात्र अडवता येत नाही. तेव्हा माल, कागदपत्रे आणि रोकड गाडीतून काढून घ्यावीत.

मुले, ज्येष्ठ आणि पाणी

लहान मुले मागे बसली असताना काचांना कुलूप लावणारे बटन दाबून ठेवावे. काच बंद करण्यापूर्वी मागे वळून पाहावे. खिडकीतून बाहेर डोकावणारे मूल गुडघ्याने स्विचवर भार देऊ शकते. याच कारणाने अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी या शतकाच्या पहिल्या दशकात स्विचची रचनाच बदलायला लावली : दाबल्यावर काच खाली जावी आणि ती वर नेण्यासाठी स्विच बोटाने ओढावा लागावा. ज्या गाड्यांत सर्व काचा आपोआप मागे फिरत नाहीत, त्यांत तर अधिकच जपावे. अनेक गाड्यांत ही सोय केवळ चालकाच्या काचेला असते. आपल्या गाडीत ती कोणत्या दारांना आहे, हे घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक हवे.

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना किंवा वृद्धांना काचा बंद करून गाडीत बसवून ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतील हवा काही मिनिटांतच धोकादायक तापते, आणि किल्ली आपल्या खिशात असल्यावर आत बसलेल्यांना काच उघडताही येत नाही.

गाडी पाण्यात सापडली तर पहिले मिनिट सर्वांत मोलाचे असते. पाण्याचा बाहेरचा दाब दार उघडू देत नाही, पण वीज लगेच जात नाही. काचा बहुधा काही काळ चालतात. म्हणून फोन करण्यात वेळ न दवडता सीटबेल्ट सोडावेत, काचा खाली कराव्यात, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मग स्वतः निघावे. काच अडली तर हातोडीच्या टोकाने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारावे. मधोमध मारल्यास जोर वाया जातो. समोरची काच दुहेरी थराची असते, ती अशी फुटत नाही. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही दुहेरी थराच्या असतात, हे आधीच पाहून ठेवावे. हातोडी डिकीत नव्हे, तर चालकाच्या हाताशी हवी. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल, पुलाचे कठडे दिसत नसतील, तर गाडी त्यात घालूच नये. कोणतीही वसुली तेवढी तातडीची नसते.

गॅरेजमधील व्यवहार

गॅरेजमध्ये ‘काच चालत नाही, बघा’ एवढेच सांगू नये. ‘डावी मागची काच दोन्ही स्विचनी चालत नाही, आवाज येत नाही, दिवा मंदावत नाही’ असे सांगावे. एवढे ऐकले की कारागीर अंदाजाने भाग बदलण्याऐवजी नीट तपासतो. आधी निदान, मग अंदाजपत्रक, मग काम, असा क्रम आग्रहाने ठेवावा. मोटर व मशीन यांचे भाव वेगळे विचारावेत. बदललेला जुना भाग परत मागावा. नवा भाग कोणत्या कंपनीचा आणि त्यावर किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्यावे. काम झाल्यावर प्रत्येक काच दोन्ही स्विचनी तीन-चार वेळा चालवून पाहावी, प्लास्टिकचा पडदा परत लावला का ते विचारावे आणि मगच पैसे द्यावेत. प्रामाणिक कारागिराला अशा ग्राहकाचा त्रास होत नाही, उलट त्याच्या कामाची कदर होते.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पहिल्या पावसापूर्वी, चारही काचा पूर्ण खाली-वर कराव्यात, खोबणी पुसून सिलिकॉनचा फवारा द्यावा आणि दारांखालची छिद्रे मोकळी करावीत. या कामाला अर्धा तासही लागत नाही. रोकडवही रोज लिहिणाऱ्याला वर्षअखेरीस ताळा शोधत बसावे लागत नाही. गाडीचेही तसेच आहे. मंदावलेली काच आपल्याला आधी सांगत असते. तिचे ऐकले तर काम फवाऱ्यावर भागते. न ऐकले तर मशीन, मोटर आणि कधी ऐन पावसातली एक अवघड रात्र, असा हिशेब चुकता करावा लागतो.